कोल्ह्याच्या घरातली ताटं

निपाणीत शनिवारी शाळा सकाळची.
दुपारी पोरं माझ्याकडं येतात,
तंबाखूच्या जुन्या वखारीच्या पुढच्या खोलीत.
एक कपाट, एकशे अकरा पुस्तकं,
सगळ्यांना तोच तपकिरी वास.
पान उलटलं की कुणीतरी शिंकतंच.

हे पुस्तक कन्नड. चिक्कोडीच्या एका बाईंनी पाठवलेलं.
रेवणला वाचता येतं, बिल्किसला अडखळत,
पद्मजाला नाही, मला बाजारापुरतं.
म्हणून अक्षरांवर खळीनं कोऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या
आणि म्हटलं, आता तुम्ही सांगा.

डोंगराच्या पोटात घर. चार कोल्हे.
"ह्यो बाप. मिशी हाय."
"कोल्ह्याला मिशी असतीच की."
"मग आई कुठली?"
"चुलीपाशी हाय ती."
"आमच्यात चहा अब्बाच करतात," बिल्किस म्हणाली,
आणि दहा मिनिटं तिथंच गेली.

सातव्या पानावर तीन कोल्हे.
वाघ नाही, बंदूक नाही.
दारातून निघालेली पावलं, एकाच बाजूला जाणारी,
आणि वरून पांढरं काहीतरी पडतंय
जे इथं कुणी पाहिलेलं नाही.
"मीठ." "कापूस."
मी बर्फ म्हणणार होते, म्हटलं नाही.

"माहेरला गेली असंल."
"कोल्हीला कुठलं आलंय माहेर?"
"कोल्हापूर!"
सगळी खोली हसली. मीही.
रेवण पान धरून बसला होता.

आठव्या पानावर जेवण.
तीन कोल्हे, ताटं चार.
चित्रकाराची चूक, असं मी केव्हाच ठरवलं होतं.
झाकायला एक गोल कागदही कापला होता,
चिकटवायचा तेवढा राहिला.
रेवणनं चौथ्या ताटावर बोट ठेवलं.

"चुकलं न्हाई, बाई.
आप्पा रोज चारच काढतोय.
मग एक परत मांडणीत ठेवतोय,
आवाज न करता."
जरा थांबून,
"परत ठेवल्यालं चित्र कुठं हाय?"

मी पुढची पानं चाळली. मागची चाळली.
नव्हतं.

त्याची आई ह्याच वखारीत पाला निवडायची,
नाकाला पदर बांधून, मागच्या अंगणात.
एकदा माझ्याकडं पाणी मागितलं होतं तिनं.
हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.
कधी सांगायचं, हे कुठल्या पुस्तकात असतं?

शेवटची दोन पानं.
कोपऱ्यात पिल्लू झोपलेलं, बाकी सगळं कोरं.
"शाई संपली," पद्मजा म्हणाली.
"कनसु," रेवण म्हणाला, आणि मग आमच्यासाठी,
"सपान."

मी पेन्सिली काढल्या.
कपाटावर माझ्याच हातची पाटी आहे,
पुस्तकात लिहू नये.
पोरांनी पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
आणि पालथी पडली.

पद्मजानं समुद्र काढला, काठावर निपाणीचा स्टँड.
बिल्किसनं फोन, कोल्ह्याला लावता यावा म्हणून.
नंबर नऊच आकडी झाला, तर पिल्लाच्या पायाखाली
आणखी एक आकडा बसवला.
रेवणनं ताट काढलं.
वाटीच्या बुडानं गिरवावं इतकं गोल, नुसत्या हातानं.

"भाकरी काढू?"
"काढ की."
भाकरी काढली. फुगलेली, मधे एक डाग.
बराच वेळ बघत बसला.
मग खोडरबर घेतला
आणि तिच्या कडेचा एक घास
हळूच खोडून टाकला.

पोरं गेल्यावर रबराचा चुरा फुंकून
पुस्तक कपाटात ठेवताना
तो गोल कागद खाली पडला.
पर्समध्ये टाकला, बसच्या तिकिटांत.
अजून तिथंच आहे.