तीनदा दहा मिनिटं

मेलफोर्ट, उणे एकतीस.
ओरेस्टचा ट्रक रात्री
आपोआप वायपर हलवतो, दारं लावतो, उघडतो,
सकाळी गारठून गप्प.
तीन बॅटऱ्या झाल्या. शेजारी म्हणे, विकून टाक.

एकेक फ्यूज उपसत गेले,
मीटरवरचा आकडा हलेना.
एकच फ्यूज काढल्यावर खाली आला.
मग डॅशबोर्डखाली उताणी, तोंडात टॉर्च:
काचेच्या फटीतून झिरपलेलं पाणी,
आणि पितळेच्या भांड्यात ताक कळकावं
तशा मॉड्यूलच्या पिना.

नवी डबी बसवली.
तिला ना चावी ओळखीची, ना दार.
लॅपटॉप म्हणतो, चावी फिरवा,
दहा मिनिटं थांबा, असं तीनदा.
कशालाही हात लावू नका.

म्हणून आम्ही दोघं केबिनमध्ये,
हात मांडीवर, शिक्षा झालेल्या पोरांसारखे.
कुलपाचा लाल दिवा लुकलुकतोय.
दुसऱ्या खेपेला ओरेस्ट म्हणाला,
समोर बघतच:
"स्टेफा निघून गेली ना,
तेव्हाही मी आधी बॅटरीच बदलली."

मी गप्प.
कशालाही हात लावायचा नव्हता.

तिसऱ्यांदा दिवा विझला. इंजिन लागलं.
वायपर जागच्या जागी.
त्यानं ते एकदा मुद्दाम हलवून पाहिले,
कोरड्या काचेवर.

फटीचे पैसे वेगळे पडतील,
मी म्हटलं.