दाढ

हडर्सफील्डच्या दंतवैद्य बाईंनी आरसा घालून आत पाहिलं
आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.
मग म्हणाल्या, "मिस्टर गॉरपेड,
रात्रभर तुम्ही काय चावता?"

मी सवयीनं मराठीतच म्हणालो, काही नाही.
तोंडात त्यांची दोन बोटं,
त्यामुळे त्याचं
"आई आई" झालं.

डावीकडची मागची दाढ
जात्याच्या पाळीसारखी सपाट झालीय म्हणे.
जबड्याचा स्नायू सुपारीएवढा टणक.
"हे जेवणानं होत नाही. घरी सगळं ठीक?"

आता ठीक म्हणजे काय सांगायचं.
बायको रात्रपाळीला, मी दिवसपाळीला,
आमची भेट फ्रिजच्या दारावर:
दूध संपलंय. ईशानच्या वहीवर सही राहिली.
घराचा हप्ता एप्रिलपासून वाढलाय,
लॅबमध्ये तिघांचं काम दोघांवर,
आणि इचलकरंजीला आबा
रोज फोनवर मला थोडं थोडं विसरतात.
यातलं एकही दुखणं
एक्सरेत दिसण्याएवढं मोठं नाही.

दाताच्या कण्या करायच्या
तर समोर कुणीतरी लागतं, मागायला काहीतरी लागतं.
मी काही न मागताच केल्या.
रात्री दोन ते पाच, झोपेत,
बिनपगारी तिसरी पाळी.

त्यांनी तोंडात घालायला प्लॅस्टिकची पट्टी दिली.
पैसे भरताना काउंटरवरची मुलगी म्हणाली,
"गुरुवारी संध्याकाळी कालव्याकाठच्या गोदामात
म्हातारे लोक मोडक्या वस्तू दुरुस्त करत बसतात.
माझे आजोबा जातात.
चहा भयंकर असतो."

तीन गुरुवार मी बाहेर गाडीतच बसून राहिलो,
इंजिन चालू ठेवून.
चौथ्या गुरुवारी काचेवर टकटक:
"आत ये. उगाच डिझेल जाळतोयस."

क्लिफर्ड हेबल्थवेट, वय अठ्ठ्याऐंशी,
चाळीस वर्षं लोकरीच्या गिरणीत,
कानानं अर्धा.
आबांसारखाच. त्यांचाही एक कान मागांनी खाल्लाय.
त्यानं नाव विचारलं नाही,
हातात रंधा दिला.
"हा बाक. तीन वर्षं चाललाय. कुणालाच घाई नाही."

मी रंधा धरला तर बोटं पांढरी पडली.
"एवढं आवळलंस तर लाकूड घाबरतं," तो म्हणाला.

म्हणून मी त्याला आडनाव सांगितलं.
घोरपड कशी असते,
तिला दोर बांधून कडा कसा चढले,
कितीही ओढा, तिची पकड सुटत नाही
म्हणून आम्ही घोरपडे.
त्याच्यासाठी ओरडून सांगावं लागत होतं,
आणि ओरडता ओरडता
कड्यावरून हप्त्यावर आलो, हप्त्यावरून आबांवर,
मग दाढेवर.
इतक्या मोठ्यानं मी हे
कुठल्याच भाषेत बोललो नव्हतो.
खोलीतली करवत मध्येच थांबली होती.

क्लिफर्डला अर्धंच ऐकू आलं असणार.
त्यानं भुसा फुंकला आणि विचारलं,
"वर पोचल्यावर त्या बिचारीला
सोडतात ना मग?"

गोष्टीत ते नाही.
एवढ्या पिढ्यांत
कुणी विचारलंच नसेल.

पट्टी अजून घालतो. हप्ता आहे तेवढाच आहे.
बाक आता एकाच पायात डुगडुगतो.
चहा खरंच भयंकर असतो, मी दोन कप पितो.

काल आबांनी फोनवर विचारलं, "कोण बोलतंय?"
रोज मी नाव सांगतो, गावाचं नाव सांगतो,
मुलाचं, बायकोचं,
एकेक खिळा ठोकत जातो.
काल म्हणालो,
"मीच. आज दमलोय जरा, आबा."

पलीकडे बराच वेळ
नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, "दमलायस तर बस की खाली."

जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होतो,
तिथंच बसलो.