साडेसहा मिलिमीटर

माझ्या खिशात पत्र्याची एक पट्टी,
तिला एकच भोक. साडेसहा मिलिमीटर.
त्यातून जाईल ती शेंग कंपनीची,
अडेल ती वुआहांगीची.

तिची जमीन बैलगाडी वळवता येईल एवढी.
करार मात्र नऊ पानांचा, फ्रेंचमध्ये.
मी तो मालागासीत वाचून दाखवला
तेव्हा ती तांदूळ निवडत होती.
"पाऊस कुठल्या पानावर आहे?"
मी पानं उलटून पाहिली. नव्हता.

आज अर्धी टोपली अडली.
"एका रात्रीत फुगल्या," म्हणाली,
पोर उंच झाल्याचं सांगावं तशी.
मी उरलेल्यांचं वजन लिहिलं.
तिनं अंगठा पदराला पुसला, मग उठवला.

निघताना तिनं बांधापलीकडे हात केला.
भात. गुडघ्याच्या वर, गर्द हिरवा.
कंपनीनं शिकवलेलं खत
शेंगांना पुरून उरलं, ते तिनं तिथं ओतलेलं.
करारात भाताचं नाव नाही.
"हे मोजायला आहे का काही तुझ्याकडे?"

आंत्सिराबेच्या लाल रस्त्यावर
मोटरसायकल तीन लाथांनीही सुरू होईना.
पट्टी मांडीला टोचत राहिली.