पंचम सोडला तरी चालते

दवाखाना बंद पडला तेव्हा खाटा गेल्या, कपाटं गेली,
पियानो राहिला. त्याला आत घेईल
एवढं रुंद दार शेंदुरजन्यात कोणाकडे नव्हतं.
आता त्या खोलीत ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आहेत,
पेडलच्या लाकडात वाळवी,
आणि उजवीकडच्या शेवटच्या चार पट्ट्या
दाबल्या की दाबलेल्याच राहतात.
तबिथाबाई त्यांना नखानं वर उचलते,
झोपलेल्या लेकराचा हात उशीवर ठेवावा तशी.

मी कलमं बांधतो. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा,
दिवसाला सातशे, मुकादम उभा असला तर आठशे.
सातनंतर साबणानं हात घासून येतो
तरी पांढऱ्यावर हिरवट डाग पडतोच.

पहिल्या दिवशी बाईनं एवढंच सांगितलं,
"एक घ्याची, एक टाकाची."
पांढरी एक, सा. रे टाकला, ग घेतला.
म टाकला, प घेतला. ध टाकला, नि.
चारही एकदम दाबल्या आणि वाटलं, चुकलं :
नि वरच्या सा च्या अगदी दारात उभा,
चप्पल काढू की नको करत.
"याले घरात घ्याचं नाही?"
"नाही. तो उंबऱ्यावरच गोड लागते."

मग म्हणाली, थांबू नको.
सप्तक संपलं म्हणून का गाव संपलं?
वरचा सा टाकला, रे घेतला.
तोच रे, पहिल्याच उडीत टाकलेला.
खाली जे जे ओलांडून आलो
ते वरच्या मजल्यावर बसलेलं होतं : रे, म, ध.
रागावलेलं नाही. उशिरा जेवायला बसलेलं.

पण मध्यम.
साधा मध्यम लावला तर खालच्या ग शी त्याचं जमेना,
दोन काकऱ्यांसाठी धुऱ्यावरचं भांडण.
बाईनं माझं बोट धरून काळ्या पट्टीवर चढवलं.
"अर्धी पायरी चढव त्याले.
इतक्या वर येऊन कोण पयल्यासारखा रायते?"

एकदा डोमाजी पेटीवाले नळी मागायला आले
आणि दारातच थांबले.
सातही स्वर मी दोन हातांत पसरून धरले होते.
त्यांनी बोटांवर मोजले : सा ग प नि रे म ध.
"अबे, हा तं कल्याण हाये!
याले चालू देत जाय नं.
सारा एकदम उभा काऊन केला?"
बाई हसली. मला उत्तर आलं नाही.
अजून येत नाही.
कल्याण चालतो तेव्हा मागचा स्वर विझत जातो,
इथं कोणी कोणासाठी विझत नव्हतं.

उजव्या हाताची तर्जनी मी नवव्या वर्षी
कडबाकुट्टीत दिली. कोणाची चूक नव्हती.
लाइन गेली होती, ती आली.
म्हणून डाव्या हातात फक्त खोल सा असला
आणि बाकी उजव्यानं धरायचं असलं,
अंगठा ग वर, मधलं नि वर, करंगळी रे वर,
तर पंचमाच्या जागी माझ्याकडे माणूस नाही.
तीन आठवडे मी प डाव्या हातानं चोरून वाजवला.
बाईला पहिल्याच दिवशी कळलं असणार.
"पंचम सोडला तरी चालते," ती म्हणाली,
"सारेच सोडतात. दहा बोटंवाले बी."

मला ती समजूत वाटली. आवडली नाही.

तेव्हा तिनं माझा कान धरला,
पियानोच्या लाकडाला लावला
आणि खालचा सा एकटाच दाबून धरला.
बराच वेळ नुसता सा.
मग त्याच्या आत, लांब,
रात्री दुसऱ्याच्या वावरात मोटर सुरू व्हावी तसा
कोणीच न दाबलेला प.

दुसऱ्या दिवशी सातशे वीस डोळे बांधले.
चौथ्या ओळीत एक उलटा बसला होता.
तो सोडला, परत बांधला.