मागची सीट

शिरोलीच्या फाउंड्रीत सत्तावीस वर्षं
मी ब्रेकचे ड्रम ओततोय.
थांबणं, हा आमचा धंदा.
लोकांच्या गाड्या पळतात
आणि कुठंतरी घाटात, उतारावर,
माझ्या बिडाचा एक तुकडा तापतो.
एवढंच माझं पळणं.

आता पोराची फी संपली, बँकेचं फिटलं,
आणि टेबलावर दोन किल्ल्या.

एक पांढऱ्या सेडानची.
सीट अशी, की मणक्यातली सरकलेली चकती
बसल्याबसल्या आभार मानते.
डिकीत गुळाच्या चार ढेपा, कोअरबॉक्स,
वडिलांची घडीची खुर्ची, सगळं जातं.
आत इतकं शांत
की उद्यमनगरातले लेथसुद्धा
काचेबाहेर मुक्यानं फिरतात.

दुसरी पिवळ्या कूपेची.
दोन दारं, बादलीसारखी सीट,
चार पट्ट्यांचा बेल्ट,
वस्तादानं लंगोट कसावा तसा.
सांगलीच्या एका हळदवाल्याच्या पोरानं
दोन वर्षं ट्रॅकवर पिदडून
लग्न ठरलं म्हणून विकायला काढलेली.

"मालक, ही गाडी न्हवं,"
दस्तगीर मिस्त्री खाली वाकून म्हणाला,
"भांडण हाय हे. रोज घरात ठेवशीला?"
पण सस्पेन्शनवरचं त्याचं बोट
बराच वेळ तिथून हललं नाही.

रविवारी हुपरीच्या अलीकडं, ट्रॅकवर
तीन फेऱ्या मारल्या.
पहिलीत मी घाबरलो.
दुसरीत कळलं, गाडी मला घाबरत नाही.
तिसरीत, डावीकडच्या लांब वळणावर
ब्रेक उशिरा दाबला,
मुद्दाम उशिरा,
आणि पायाखालून आला तापल्या बिडाचा वास.
भट्टीसमोर रोज घेतलेला,
पण माझ्यासाठी तापलेला
पहिल्यांदाच.
उतरताना मात्र दोघांनी धरून काढलं.

विजयमालाला दाखवायला दारात आणली.
तिनं आत हात घालून मागं चाचपलं.
"मागं सीटच न्हाई?"
न्हाई.
"मग मामंजींना दवाखान्यात?
वन्संना गडहिंग्लजला सोडायचं?
जोतिबाला जाताना शेजारच्या दोघी?"
मी टायरकडं बघत राहिलो.

लग्नापासून चार गाड्या झाल्या,
एकीचीही मागची सीट रिकामी गेल्याचं आठवत नाही.
कुणीतरी असायचंच.
कुणी नसलं तर सिलिंडर असायचा.

"म्हणजे," ती जरा थांबून म्हणाली,
"दोघंच?"
आणि पदर खोचून, आधी पाय, मग डोकं,
विहिरीत उतरावं तशी
आत उतरली.

बावड्याच्या रस्त्याला पहिल्याच गतिरोधकावर
गाडीचं पोट खरवडलं.
हिनं स्वतःचं धरलं.
पुढं उसाचा ट्रॅक्टर,
दोन ट्रॉल्या, स्पीकरवर हलगी,
आणि मागं आमचे तीनशे घोडे
दहाच्या वेगानं कुंथत.
"हीच का ती पळणारी?"

ओव्हरटेकला निम्मा बाहेर आलो,
समोरून दूधवाला.
तेवढ्यात हिनं काच खाली करून
ट्रॉलीतला एक ऊस ओढला.
आख्खा.
तो काही गाडीत मावेना,
निम्मा आत, निम्मा बाहेर,
शेंडा वाऱ्यावर.
पन्नाशीतल्या दाढेनं तिनं सोलायला घेतला,
साल माझ्या मांडीवर, गिअरवर,
त्या महागड्या काळ्या कापडावर.
मी काही बोललो नाही.
आरशात मागं बघायची सवय गेली नव्हती,
आरशात नुसती काच, आणि मागं राहणारा रस्ता.

फोन वाजला. सेडानच्या शोरूमचा पोरगा.
"सर, मग काय ठरलं?"

म्हटलं, थांब जरा,
आधी हा ट्रॅक्टर वळू दे.