एका गाडीची जागा

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
गिरणारे मागे पडलं की आम्ही एकमेकांना दिसू लागतो :
पुढे क्षेमकल्याणींची पांढरी ट्रॅव्हलर, टपावर सोलर,
मधे कासलीवालांचा पिकअप, त्यावर अंबडच्या फॅब्रिकेटरने
बसवून दिलेली पत्र्याची खोली,
खिडकीला पडदा, पडद्यावर बदकं,
आणि शेवटी मी,
प्रेसच्या फंडातून घेतलेली जुनी मॅटाडोर घेऊन,
चढाला खोकत.

काश्यपीच्या पाण्यापाशी उतरायला एकच वाट.
उतरल्यावर पहिला तास कोणी कोणाशी गोड बोलत नाही.
"जरा डावीकडे."
"अहो, तुमची डावी नाही, माझी."
चाकांखाली फळ्या, फळ्यांखाली विटांचे तुकडे,
कारण गाडी कलती राहिली तर
फ्रिज कुरकुरतो, आमटी पातेल्याच्या एका कडेला जाते
आणि नवरा रात्रभर अंगावर घरंगळत राहतो,
असं सुलभाताई क्षेमकल्याणी दर वेळी सांगतात
आणि क्षेमकल्याणी दर वेळी
काहीतरी आणायला गाडीत जातात.

मग वडनेरे येतात.
स्कूटरवरून.

गाडी त्यांनी दिवाळीत विकली, सुरतच्या कोणाला तरी.
सोसायटीत पार्किंगवरून फार झालं, म्हणाले.
आम्ही पुढे विचारलं नाही.
क्लबच्या नियमांत आहे : सभासद म्हणजे वाहनधारक.
नियम कासलीवालांनी स्वतः टाइप केलेत,
लॅमिनेटसुद्धा केलेत.
तरी त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी
कोणी काही न ठरवता
अर्धगोलात एका गाडीची जागा सुटली.
मॅटाडोर लावताना मी पावलांनी मोजली.
सोळा फूट. कासलीवाल म्हणाले,
"दार उघडायला अजून दोन सोडा."

तिथे ते घडीची खुर्ची मांडतात, शेजारी स्कूटर स्टँडला.
डिकीतून पाणसळ काढतात,
वीतभर, पितळी, पाटबंधारे खात्यातल्या नोकरीतली,
आणि एकेका गाडीत शिरतात.
ओट्यावर ठेवून, एक डोळा मिटून,
बुडबुडा मधोमध येईपर्यंत
बाहेर मला जॅक फिरवायला लावतात.
"अजून केसभर."
"अजून."
"बास. आता झोपा खुशाल."

या खेपेला उन्हं कलताना धनगरांचा तांडा गेला.
घोड्यावर खाट, खाटेवर डालगं,
डालग्याला धरून बसलेलं पोर.
मागची बाई थांबली. तिने आमच्या गाड्या मोजल्या.
"घरं हायेत ना तुमाला?"
आहेत, म्हटलं. इंदिरानगर, कॉलेज रोड, देवळाली कॅम्प.
"मंग?"
कासलीवालांनी तिला द्राक्षांची पेटी दिली,
एक्स्पोर्टला नाकारलेली, पण गोड.
ती मान हलवत गेली. आम्ही बराच वेळ
चुलीत काटक्या सारत राहिलो.

थंडी होती. बाजरीची खिचडी, वर लसणाचं तेल.
दहाला जनरेटर बंद : नियम सहावा.
मग पाणीच तेवढं थोडं चमकत होतं
आणि पलीकडे कुठे तरी पंप चालू होता.
वडनेरे उठले. "निघतो. गेट लावतात अकराला."
खुर्ची मिटली, पाणसळ फडक्यात गुंडाळली,
आणि त्या सोळा फुटांमधून आमच्याकडे येताना
एका ठिकाणी
पाऊल जरा उंच उचललं,
मान वाकवली.

मी पाहिलं. आगीपलीकडून सगळ्यांनीच पाहिलं असणार.
वर काही नव्हतं. चांदणं होतं, माघातलं.

"डोकं सांभाळा," सुलभाताई म्हणाल्या.

"हो हो," वडनेरे म्हणाले,
आणि तिसऱ्या किकला स्कूटर लागली.