तेलाचा डाग

सोसायटीनं मंजूर केले रुपये हजार.
नऊशे मी तापकीर गल्लीत मोडले
आणि चार विजेऱ्या आणल्या पिशवीत, कोथिंबिरीशेजारी.
एकशेवीसची पिवळी, प्लास्टिकची.
एकशेऐंशीची काळी.
अडीचशेची लाल, चार्जिंगवाली,
आणि साडेतीनशेची, जिचं तोंड पुढेमागे सरकतं.
चारही खोक्यांवर एकच आकडा : एक किलोमीटर.
कुणी मोजलंय, मी विचारलं.
दुकानदार म्हणाला, तुम्ही मोजा की.

मोजते म्हटलं.
एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
मी भिंगं मोजून दिली, मोजून परत घेतली.
अंतर दुप्पट, उजेड पाव,
हे दरवर्षी जूनमध्ये दाराआडून ऐकलं.
सांगायची वेळ माझ्यावर आली नाही कधी.

रात्री साडेदहा. सहकारनगरची आमची गल्ली,
वरच्या अंगाला तळजाईचा काळोख.
गेटवर पाटी आहे : 'गेटसमोर वाहने लावू नयेत'.
लिंबाजी पावलं मोजत मागे मागे गेला,
मी त्याच्या बरोबर, वही घेऊन.
पिवळी तिसाव्या पावलाला दमली,
पाटी आहे एवढं कळायचं, काय म्हणते ते नाही.
काळी पन्नासपर्यंत टिकली.
लालनं सत्तरला सगळं वाचून दाखवलं,
नव्वदला 'नयेत' गेलं,
उरलं 'गेटसमोर वाहने लावू'
आणि तेवढ्यात पटवर्धनांचा मुलगा खरंच लावून गेला.

साडेतीनशेचीचं मात्र काही विचारू नका.
गेट, पाटी, नारळ, सगळं ओलांडून
ती टेकडीच्या उतारावर जाऊन टेकली.
तिथं एक कुत्रं उठून बसलं
आणि आमच्याकडे असं बघत राहिलं,
जणू आम्ही त्याला काही विचारलंय.
लिंबाजीनं हळूच बटण बंद केलं.
झोपलं होतं वो ते, म्हणाला.

मग गच्चीवर तेजाची परीक्षा.
कागदावर चकलीच्या तेलाचा एक थेंब,
कागद उभा दोरीवर, चिमट्यानं.
या बाजूनं लाल, त्या बाजूनं काळी.
जिकडून उजेड कमी, तिकडून डाग उजळ.
लिंबाजीला म्हटलं, काळी जवळ आण. अजून. थांब.
आणि डाग गेला.
दोन्हीकडून सारखं झालं की जातो तो.
कागद कोरा. आम्ही दोघं दोन बाजूंना,
तो मला दिसत नव्हता, मी त्याला.
त्यानं कागदामागून विचारलं, पुसला का मॅडम?
नाही, म्हटलं, आहे तिथंच आहे.

शेवटी चारही ओट्यावर पेटत्या ठेवल्या.
सव्वा वाजता लाल विझली, एकदम, न सांगता.
साडेतीनशेची तीनला गेली.
काळी कधी गेली बघितलं नाही, डोळा लागला होता.
पहाटे दूध आत घ्यायला उठले
तर पिवळी अजून जळत होती,
भांड्यांच्या मांडणीवर हळदीच्या बोटाएवढी.

वही दाखवली लिंबाजीला. रकाने, पावलं, तास.
त्यानं वहीकडे बघितलंच नाही.
पिवळी द्या.
अरे, तीसच पावलं!
लांब असतो तोवर कोण चोर असतो मॅडम?
आणि ही मोठी मारली ना कुणावर,
की त्याला नुसता उजेड दिसतो.
मागं माणूस आहे का, कोण आहे, काय कळत नाही.
हिच्यात माझा हातपण दिसतो.

सेक्रेटरी कदमबांडे म्हणाले, अहवालात मीटर लिहा, पावलं नको.
लिहिले : बावीस.
बाकीच्या तीन परत घेईना दुकानदार,
विकलेला माल, वगैरे.
हिशेबाच्या फायलीत पावती लावली
आणि तिच्यामागे तो कागद.
ऑडिटर विचारतील, हा डाग कसला.
विचारू देत.